रबरी कडं

सायकलच्या दुकानात मी फ्रीराइडसाठी, म्हणजे टेकडीवर उड्या मारत सायकल चालवण्यासाठी, पुढच्या चाकाचे दणके झेलणारा, जास्त दबणारा फोर्क मागत होतो. "उड्या मारताना हा पार तळाला आपटतो," माझ्या सायकलच्या जुन्या फोर्ककडे बोट दाखवून मी दुकानदाराला सांगितलं.

फोर्कच्या दांडीवर एक रबरी कडं असतं. दणक्यानं फोर्क जितका दबेल तितकं ते वर सरकतं आणि तिथंच राहतं. माझं कडं अर्ध्यापर्यंतही पोचलेलं नव्हतं. दुकानदार ते बघायला वाकायच्या आत सोबत आलेल्या समीरनं सहज हात टेकल्यासारखं करून ते अंगठ्यानं वर सरकवलं. दर रविवारी तो माझ्याबरोबर टेकडीवर असतो. उडीच्या जागी मी सायकलवरून उतरतो, हे त्यानं कधी बोलून दाखवलेलं नाही.

माझी कानशिलं तापली. आपल्या बढाया आपणच सांभाळतो असं वाटत असतं. खरं तर जवळची माणसं त्या गुपचूप तोलून धरत असतात.

कडं होतं तिथं धुळीची रेघ उरली होती. दुकानदारानं ती पाहिली, फडक्यानं पुसली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "काळा दाखवू की चंदेरी?"