पाहुणीला दिलेली चाल

आमच्या झुगदिदी शहरात मुलगी सासरी निघाली की आंदणात बुद्धिबळाचा पट जातोच. पुढे त्या पटाचं काय होतं ते विचारू नका. निम्म्या घरांत त्यावर घेवडा वाळत पडलेला असतो. मक्वालाच्या पटाचंही तेच झालं असतं, पण तिची सासू देस्पिने वेगळ्याच मातीची. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी खरकटी भांडी तशीच टाकून तिने अंगणात पट मांडला. "ये, बस. बघू तुझ्या बापाने काय शिकवलंय!"

देस्पिने हरली. पुन्हा मांडला, पुन्हा हरली. दोन दिवस सुनेशी अबोला धरला आणि मग गल्लीभर सांगत सुटली, "माझ्या जुमबेरने बायको नाही, वाघीण आणलीये!"

वाघीण आधी शहरात पहिली आली, मग अख्ख्या जॉर्जियात. मॉस्कोला गेली, बेलग्रेडला गेली. दोन्ही पोरं देस्पिनेच्या कडेवर वाढली. शेजारीण कुजकटपणे म्हणाली, "सून परमुलखात सोंगट्या हलवते आणि सासू इथे लंगोट धुते!" देस्पिनेने ठणकावलं, "तुझी सून घरात बसून काय दिवे लावते, ते आधी सांग!"

तीनदा देशाचं अजिंक्यपद मिळालं, पण ग्रँडमास्टर हा किताब काही हाती लागेना. दोनदा तर अर्ध्या गुणाने हुकला. मक्वाला चाळिशीला टेकली, नव्या पोरी मागून येऊन पुढे जायला लागल्या. आणि त्या वसंतात स्पर्धा भरली खुद्द झुगदिदीत! शेवटच्या फेरीपर्यंत हिशेब असा आला, की शेवटचा डाव जिंकला तर किताब, बरोबरी झाली तर पुन्हा हात हलवत घरी.

समोर होती बल्गेरियातल्या सोफिया शहराची राडका, विशीतली पोर. आणि शेवटच्या फेरीआधीच्या सुट्टीच्या दिवशी बातमी आली, की राडकाचं पोट बिघडलंय, हॉटेलात तळमळत पडलीय, उद्या खेळणार नाही म्हणते. ती आलीच नाही तर मक्वालाला गुण मिळेल, पण न खेळलेला डाव किताबासाठी धरत नाहीत.

"परकी पोर एकटी हॉटेलात पडून राहते? आपण काय मेलोय?" देस्पिने गरजली आणि तशीच गेली. तासाभरात राडकाला दंडाला धरून घरी घेऊन आली. डाळिंबाच्या सालीचा काढा पाजला, मक्याची पातळ घोमी दह्यात कालवून भरवली. मक्वालाचा जीव भांड्यात पडला. ती निर्धास्तपणे पोरांना घेऊन माहेरी जाऊन आली.

संध्याकाळी परतते तो काय, ओसरीवर राडका लालबुंद गालांनी पटासमोर बसलेली आणि देस्पिने मोडक्यातोडक्या रशियनमध्ये तिला काही समजावतेय. पटावरची मांडणी मक्वालाने लगेच ओळखली, सकाळी तिनेच ती ओसरीवर मांडून ठेवली होती. घोडा फुकट मरू द्यायचा आणि मागाहून वजीर कोंडायचा, ही युक्ती तिने सारा हिवाळा घासूनपुसून खास राडकासाठी राखून ठेवली होती.

"आई, हे काय केलंत?"

"अगं, तिला फार आवडली. म्हणाली, किती सुंदर चाल! पाहुण्याने सुंदर म्हटलं की ती वस्तू त्याला द्यायची, हे काय तुला मी शिकवू? जुमबेरने नाही का कोट उतरवून दिला त्या येरेव्हानवाल्याला?"

"तो कोट होता, आई! हा माझा अख्खा हिवाळा होता! उद्या मी हिच्याशीच खेळणार आहे!"

देस्पिनेचा चेहरा पांढराफटक पडला. "मेले मी! मला वाटलं मासिकातलं कोडं मांडलंयस. आता... परत मागू का तिच्याकडून?"

"चाल परत कशी मागणार?"

आपलेच दात अन् आपलेच ओठ! मक्वाला गोठ्यात जाऊन पोटभर रडली, तोंड धुतलं आणि पाहुणीला वाढायला आली. वर जुमबेर, एरवी शहाणा माणूस, प्याला उंचावून म्हणतो कसा, "उद्या आमच्या पाहुणीचा विजय होवो!" आणि मग जीभ चावतो.

दुसऱ्या दिवशी नाट्यगृह खच्चून भरलं. युक्ती गेली, तेव्हा मक्वालाने साधा सरळ डाव धरला. वजीर गेले, उंट गेले, दुपार उलटली. मक्वालाकडे एक प्यादं जास्त उरलं, तेवढंच. राडका घामाघूम झाली होती. तिने मान वर केली आणि हळूच विचारलं, "बरोबरी करू या?"

आमच्याकडे पाहुण्याने मागावं आणि यजमानाने नाही म्हणावं, हे कुणी पाहिलेलं नाही. मक्वालाने तिसऱ्या रांगेत पाहिलं. देस्पिने डोक्यावरचा रुमाल पुढे ओढून बसली होती, ना हो म्हणत होती, ना नाही. मक्वालाला त्या क्षणी सासूचा असा राग आला म्हणता! आयुष्यभर सगळ्यांना सगळं देत आले, अजून किती द्यायचं?

"नाही," ती म्हणाली. आवाज कापला, पण म्हणाली. "खेळू या."

मग ते एक प्यादं मुंगीच्या पावलांनी सरकत सरकत पार शेवटच्या घरात पोचलं. राडकाने राजा आडवा केला आणि ओठ घट्ट मिटून बसून राहिली. लोक बाकांवर चढले, टोप्या उडाल्या. मक्वाला उठली, तिला पायाखालची जमीन जाणवत नव्हती. देस्पिने गर्दीला कोपराने बाजूला सारत रंगमंचाच्या पायऱ्या चढली. मक्वालाने दोन्ही हात पसरले.

देस्पिने तिच्या शेजारून पुढे निघून गेली. राडकाला तिने पोटाशी धरलं, रुमालाने तिचे डोळे पुसले, कपाळाचा मुका घेतला.

"आई," मागून मक्वाला म्हणाली, "मी ग्रँडमास्टर झाले!"

"कळलं गं, कळलं," देस्पिने मान न वळवता म्हणाली. त्याच रुमालाने तिने स्वतःचेही डोळे पुसले. "थांब जरा. पाहुणीचं आधी. तू काय, घरचीच!"

मक्वाला डोळे पुसत, हसत, आपली पाळी येण्याची वाट पाहत तिथेच उभी राहिली.