सदतीस बायकांचं चक्र

मोज्यांच्या कारखान्यात चहा वाटणारी किटलीमावशी तोंडाची फटकळ. खरं बोलणाऱ्याला जग फटकळच म्हणतं, हे यावर तिचं उत्तर. कँटीनच्या ओल्या फरशीवर पडून तिचा पाय मोडला आणि जुळला तो आखूडच. तेव्हापासून जो तो तिच्या हातातली किटली घ्यायला धावायचा आणि हिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

कारखान्याला पन्नास वर्षं होत होती. बायकांचं संचलन बसवायला कवायत मास्तर आले. मावशीने पहिल्याच दिवशी नाव दिलं. चालून दाखवायचं होतं तिला, सगळ्या कारखान्यासमोर. नावं झाली सदतीस आणि मास्तरांनी कपाळाला हात लावला.

"छत्तीस हवेत हो! छत्तीस कसा गुणी आकडा. सहा-सहाच्या सहा रांगा, झाला चौकोन. एक, दोन, तीन करत आठपर्यंत रांगा लावा, झाला त्रिकोण. सदतीस म्हणजे मूळ संख्या. कशानेच भाग जात नाही, एक बाई उरतेच." आणि त्यांची नजर गेली मावशीच्या पायाकडे.

"पाय माझा नडतोय आणि बिल आकड्याच्या नावावर फाडताय?" मावशी कडाडली. झालं, दोघांचा छत्तीसचा आकडा तिथेच जमला.

घरी आल्यावर मात्र तिला रडू फुटलं. गणित शिकणारी भाची समजूत घालू लागली, "अगं मावशी, सदतीसला तिनाने गुण, एकशे अकरा. सहाने गुण, दोनशे बावीस. भारी आहे तो!"

"पण भाग जात नाही ना?"

"एकाने जातो, नाहीतर त्याचा त्यानेच."

"मग त्यात खोट कसली? कुणाला दाद देत नाही, एवढंच ना!" मावशीने डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी मोठ्या थाळ्यात चहाचे ग्लास लावत होती. मधे एक, त्याला चिकटून सहा, त्यांच्याभोवती बारा, कडेला अठरा. उभा जन्म तिने असेच लावले होते, मोजायची वेळ कधी आली नव्हती. आज मोजले. मग थाळा उचलून तडक मैदान गाठलं आणि मास्तरांपुढे आदळला.

"मोजा."

मास्तरांनी मोजले. पुन्हा मोजले. "सदतीस! सहा कोपऱ्यांचं चक्र. अहो, हे तर फिरवताही येईल!" माणूस वाईट नव्हता, खुलला. "मावशी, मधली जागा तुमची. तिथे चालायचं नाही, जागेवरच पाय हलवायचे. बाकी सगळ्या तुमच्याभोवती फिरतील. मान तुमचा!"

बायकांनी टाळ्या वाजवल्या.

"चुलीत घाला तो मान," मावशी म्हणाली. "मला बाहेरचा कोपरा द्या."

"अहो, तिथे सगळ्यात लांब चालावं लागतं!"

"म्हणूनच मागतेय."

समारंभाच्या दिवशी चक्र फिरलं, मास्तरांच्या शिट्टीसरशी एकेक फेरी सुरू होत होती. मधे सुईकामातली एक बुजरी पोरगी, बाहेरच्या कोपऱ्यावर मावशी, एक पाऊल लांब, एक आखूड. तिच्या बाजूला चक्र जरा वाकडं झालं. होऊ दे की! शेजारणींनी हात दिला, तो तिने झटकला. घाम डोळ्यांत उतरला, ओठ दाताखाली आला. शेवटची फेरी उरली तेव्हा मास्तरांनी जवळ येऊन हळूच विचारलं, "मावशी, थांबवू का?"

"शिट्टी वाजवा!" मावशी ओरडली.