भाऊसाहेबांनी मटण कमी केलं

ऑफिसातले किस्से कोणी जमवत नाही भिया, ते फाइलींवरच्या धुळीसारखे आपोआप साठतात. धूळ झटकायला निदान शिपाई तरी आहे! मध्यप्रदेश नवा झाला, अर्धं ऑफिस भोपाळला गेलं. आम्ही इंदूरला उरलेले दुपारी डबे उघडून बसायचो.

*

आमचे हेडक्लार्क भाऊसाहेब. राहणार मोहल्ला जुनी इंदूर, पणजोबा दरबारच्या घोडदळात. मटणाशिवाय रविवार नाही.

मानपूरचे जंगलखात्याचे रेंजर दिनकरराव कागद द्यायला यायचे. तरुण, बिनलग्नाचे. भाऊसाहेबांनी मुलीसाठी, सुमनसाठी, मनात पक्के केलेले. एकदा दिनकरराव डब्यात डोकावून म्हणाले, "भाऊसाहेब, बकऱ्या जंगलात एक रोप वाढू देत नाहीत. मटण कमी करा, जंगल वाचेल."

"बकरी जंगल खाते, मी बकरी खातो. मग जंगल वाचवतंय कोण?"

"अहो, तुम्ही खाता म्हणूनच लोक पाळतात ना!"

भाऊसाहेबांनी सुमनचा विचार केला. "बिलकुल बरोबर. आजपासून महिन्यातून एकदाच!"

*

मी कार्बन लावून तीन प्रतींत फॉर्म टाइप केला, 'मटण खाण्याबाबत अर्ज'. रकाने: कारण, वजन, बकऱ्याने खाल्लेल्या झाडाचं नाव. गंभीर चेहऱ्याने टेबलावर ठेवला. "भोपाळहून आलाय."

भाऊसाहेबांनी भरला. झाडापुढे लिहिलं, 'बाभूळ, अंदाजे.'

ऑफिसच्या मोठ्या साहेबांनी अर्धं वजन मंजूर केलं!

*

तीन रविवार गिऱ्हाईक फिरकलं नाही म्हणून खाटीक पांढरी टोपी घालून घरी आला. दार उघडलं तशी मान खाली घालून म्हणाला, "बड़ा अफसोस हुआ. भाऊसाब कब गुजरे?"

दार भाऊसाहेबांनीच उघडलं होतं. "अभी नहीं," ते म्हणाले.

*

दसऱ्याला त्यांच्याकडे पणजोबांच्या तलवारीपुढे बकरा कापायची रीत. या वर्षी कोहळा आणला. भाऊसाहेबांनी घाव घातला आणि तलवार अडकली ती अडकलीच. कोहळा आम्ही धरला, मूठ त्यांनी. ओढताहेत, ओढताहेत!

शेजारचे मालवी काका ओट्यावरून ओरडले, "कोळो जीत ग्यो, भिया!"

भाऊसाहेब घाम पुसत म्हणाले, "बकऱ्याने कधी इतका त्रास दिला नव्हता."

*

शेवटी दिनकरराव सुमनला बघायला आले. भाऊसाहेबांनी मलाही जेवायला बसवलं होतं, 'तोंड बंद' या अटीवर. काकूंनी कच्च्या फणसाची, म्हणजे आपल्या कटहलची, भाजी केली होती. मसाला मात्र मटणाचा, वर लालभडक तर्री.

दिनकरराव पहिल्या घासालाच थांबले. भाऊसाहेबांचा चेहरा उतरला. गेलं स्थळ!

दिनकररावांनी वाटी पुढे केली. पुन्हा केली. चौथ्या वाटीनंतर हळूच म्हणाले, "भाऊसाहेब, महिन्यातून एकदा चालतं. पण मी खाल्लं हे मानपुरात कळायला नको."

भाऊसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी भाताकडे बघितलं. खरं सांगावं तर पाहुण्याची फजिती, न सांगावं तर घरावर मटणाचा आळ!

तेवढ्यात सुमन पोळी वाढायला आली. ताट निरखून म्हणाली, "हाडं कुठे टाकलीत?"

दिनकररावांनी ताटात बघितलं. ताटाखाली बघितलं. मग ताठ बसले.

"चावून खाल्ली."

सुमनने त्यांना आणखी एक पोळी वाढली. "बाबा," ती म्हणाली, "मला पसंत आहेत."