आयीचे दहापैकी दहा

त्या बाईला दुबईत राहायचं होतं, आणि तिला इथून घालवलं ते माझ्या तोंडाने. हे आधीच सांगून टाकते. पुढे मी आणखी एकदोघांना नावं ठेवणार आहे, तेव्हा मी बाजूला उभी राहून नुसती बघत होते असा कुणाचा समज व्हायला नको.

जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका कंपनीत मी कामाला होते. पेशंटकडून भरून घ्यायचे फॉर्म वेगवेगळ्या भाषांत करायचे आणि ते भाषांतर नीट चालतंय का हे तपासायचं, हा आमचा धंदा. त्या वर्षी संधिवाताचा एक फॉर्म चिनीत आणला होता. किती दुखतंय हे तो विचारत नाही. दुखत असतानाही अमुक काम आपल्याला जमेल याची तुम्हाला स्वतःबद्दल किती खात्री आहे, ते शून्य ते दहात सांगा म्हणतो. ओलं फडकं पिळणं जमेल का? भरलेलं पातेलं उचलणं? शर्टाची बटणं? असे वीसेक प्रश्न. पडताळणी अशी की एकाच माणसाने दोन आठवड्यांच्या अंतराने तोच फॉर्म दोनदा भरायचा. माणूस तोच, दुखणंही तेच, मग आकडे साधारण तेच यायला हवेत. आले की भाषांतर पक्कं, आणि वर्षभर सगळ्या स्लाइडांवर आमच्या पाठी थोपटलेल्या.

मला चिनी येत नव्हतं. आमचे सर म्हणाले, त्याची गरजच नाही, आकडे तर सगळ्यांनाच वाचता येतात. सर पुण्याचे, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, आणि हसताना डोळे फोनवर. त्या हसण्याची मला तेव्हापासूनच किळस होती. पण मी मान डोलावली. मीही त्याच ऑफिसचं पाणी पीत होते.

अल कुसैसच्या एका क्लिनिकमध्ये आम्हाला शनिवारची खोली मिळाली. पहिल्याच दिवशीची पहिलीच पेशंट म्हणजे ती. पंचावन्नच्या पुढची, कापलेले केस, एसीमुळे अंगात जाड स्वेटर. बोटांचे सांधे आल्याच्या गड्ड्यासारखे सुजलेले. बरोबर एक पस्तिशीची तरतरीत बाई होती, फाडफाड इंग्रजी बोलणारी, अंगाला इतका सुगंध की खोलीत शिरायच्या आधी तोच शिरला. आमची दुभाषी त्या दिवशी आली नव्हती. ही म्हणाली, काळजी नको, मी समजावते. आणि तिच्याकडे वळून म्हणाली, "आयी."

मला ते सरळ आपलं 'आई'च ऐकू आलं. माझी स्वतःची मुलगी इथेच वाढलेली, ती मला मम्मा म्हणते आणि भांडते इंग्रजीत. आई हा शब्द मी फक्त फोनवर, रत्नागिरीला बोलताना, स्वतःच्या तोंडून ऐकते. आणि इथे ही परकी मुलगी दर वाक्याला आयी, आयी करत होती. तिने बाईची पिशवी धरली, चष्मा पुसून दिला. मी मनाशी म्हटलं, शब्द बघ कुठून कुठे सारखे निघतात! क्लिनिकच्या नोंदवहीत दोघींची आडनावं वेगळी होती, पण चिनी बायका लग्नानंतर नाव बदलत नाहीत हे मला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं होतं. फॉर्मवर 'मदतीला कोण' असा रकाना होता. त्यात 'मुलगी' असं मी न विचारता लिहिलं.

बाईने सगळ्या प्रश्नांना दहा दिले. पातेल्याला दहा, फडक्याला दहा, बटणांना दहा. पेन मुठीत धरून गोल काढत होती आणि प्रत्येक गोलानंतर त्या तरुणीकडे बघत होती. सरांना फॉर्म दाखवला तर म्हणाले, "वा, फुल मार्क्स! पॉझिटिव्ह अ‍ॅटिट्यूड आहे हं आजींचा." ती बोटं त्यांनी पाहिली नव्हती. मी पाहिली होती, तरी गप्प बसले.

दोन आठवड्यांनी त्या परत आल्या. या वेळी दुभाषी होती, दुबईतच कॉलेजात शिकणारी एक चिनी मुलगी. तीही त्या बाईला आयीच म्हणाली. मला त्यातही काही खटकलं नाही. आपल्याकडेही कुणी मैत्रिणीच्या आईला आईच म्हणतं की. तरुणीला फोन आला म्हणून ती बाहेर गेली, तशी बाईने फॉर्मवर हात ठेवला आणि विचारलं, "हे ती बघणार?"

"नाही," मी दुभाषीकडून सांगितलं. "कोणीच बघणार नाही. यावर तुमचं नावही नाही."

"तिला कळलं तर मला परत पाठवेल. गावी माझं हक्काचं कोणी उरलेलं नाही. आणि घरातली छोटी माझ्याशिवाय जेवत नाही."

मी तिला पुन्हा शब्द दिला. मग तिने पेन उचललं. पातेल्याला दोन, बटणांना एक. फडक्याच्या प्रश्नाशी थांबली, हसली आणि शून्याला गोल केला. दुभाषीला म्हणाली, फडकं मी पायाखाली दाबून पिळते, कोणी नसताना. एवढं खरं त्या कागदावर त्या महिन्यात दुसऱ्या कोणी लिहिलं नाही.

दुभाषी तिला वजन करायला आत घेऊन गेली आणि सुगंध परत आला. खुर्चीवर टेकून तरुणीने हळूच विचारलं, "आयीचं कसं आहे? खरं सांगा. मला फार काळजी वाटते."

आता इथे मी शेण खाल्लं.

माझ्या आईने गुडघ्यांचं दुखणं आम्हा भावंडांपासून तीन वर्षं लपवलं होतं, न्हाणीघरात पडली तेव्हा कळलं. या लपवाछपवीची मला मनस्वी चीड. आयांना वाटतं आपण त्याग करतो, आणि निस्तरायचं मुलींनी. हे सगळं माझ्या डोक्यात चढलं. तिला दिलेला शब्द दहा मिनिटांपूर्वीचा, तोंडात ओला होता. तरी मी म्हणाले, "ती तुमच्यापासून लपवतेय. तिला फडकंसुद्धा पिळता येत नाही. पातेलं उचलायला लावू नका. घरातलं कामच देऊ नका तिला. विश्रांती द्या."

तिने माझा हात दोन्ही हातांत धरला. "थँक्यू. खरंच, बरं झालं सांगितलंत."

घरी जाताना मी गाडीत गाणं गुणगुणत होते. आज ते आठवलं की स्वतःच्या गळ्याची घाण वाटते.

सोमवारी सरांनी मला बोलावलं. "मॅडम, ही पहिली पेशंट आपली रिलायबिलिटी पाडतेय. फर्स्ट टाइमला सगळे टेन, सेकंड टाइमला झिरो, वन, टू? ड्रॉप करून टाका ना."

"सर, दुसऱ्यांदाच तिने खरं लिहिलंय."

"अहो, खरं-खोटं आपल्याला कुठे मेजर करायचंय? सेम यायला पाहिजे. यल्ला, चला, गुरुवारी रिपोर्ट जायचाय."

म्हणजे दोन्ही वेळा खोटं लिहिलं असतं तर ती चालली असती! मी बरीच बडबड केली, टेबलावर हातही आपटला. सर फोनकडे बघून हसले. मी जागेवर गेले आणि तिची ओळ पुसली. हात आपटून झाला होता, म्हणजे माझं कर्तव्यही झालं होतं.

महिन्याने सगळ्यांना फोन करून तब्येत विचारायची असे. हिला यादीतून काढलं होतं, तरी मी आपणहून केला. तरुणीनेच उचलला. आवाज अगदी प्रसन्न.

"तुमचा सल्ला ऐकला आम्ही! विश्रांतीसाठी पाठवून दिलं तिला, चीनला. व्हिसा कॅन्सल केला, तिकीटही आम्हीच काढलं. नवी आयी आलीय आता, चाळीसची आहे, एकदम फिट."

मी म्हटलं, "नवी?"

"हो ना. तुमच्या स्टडीला निरोगी माणसंही लागतात का? आणू का तिला?"

फोन ठेवून मी दुभाषीला विचारलं, आयी म्हणजे काय? ती म्हणाली, मावशी, काकू, कुठलीही वयस्क बाई. आणि घरकामाच्या बाईलाही आयीच म्हणतात. "का? तुम्हाला काय वाटलं?"

ते उत्तर मी टाळलं. "त्या आयीला घरी पाठवलं," मी म्हटलं.

तिने खुर्ची माझ्याकडे वळवली. मग तिने सरळ विचारलं, "तुम्ही काही सांगितलं होतं का त्या घरच्या मॅडमना?"

"नाही," मी म्हटलं. क्षणभरही न थांबता, डोळ्यांत बघून.

पुढच्या शनिवारी ती मुलगी माझ्यासाठी कॉफी घेऊन आली. त्या बाईचा नंबर तिने मिळवला होता. बाई तिथे एका चुलत बहिणीकडे, जिन्याखालच्या खोलीत राहत होती. छोटी जेवते का, एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होती. "मी तिला सांगितलं, तुम्ही कुणाला काही बोलला नाहीत. म्हणाली, मला ठाऊकच होतं, बोटं बघूनच ओळखलं असेल घरी. तुमचे आभार मानलेत तिने. इतक्या वर्षांत तेवढं एकदाच खरं बोलता आलं, म्हणाली."

मी कॉफीचा घोट घेतला आणि म्हटलं, "तिला माझाही नमस्कार सांग."

तिने तिथेच उभ्या उभ्या तो पाठवला.