कुसुममावशीचा जिभेचा उपास

वर्धा स्थानकावर उतरले तर कुसुममावशी समोरच उभी. तिने मला मिठी मारली, हातातली पिशवी ओढून घेतली, पण बोलली काहीच नाही. एरवी रिक्षात बसेपर्यंत सिंदी मेघे या तिच्या वस्तीतल्या अर्ध्या घरांच्या बातम्या मला कळलेल्या असायच्या. कोणाची सून माहेरी जाऊन बसली, कोणाच्या मुलाने नोकरी सोडली, सगळं. आज ती नुसती हसत होती. मला काळजीच वाटली.

"तब्येत बरी आहे ना तुझी?"

"मस्त हाय. जिभेचा उपास करून राह्यली मी," (करते आहे) ती म्हणाली.

मावशी मूळची आमच्या मिरजेची. नर्स म्हणून इकडे आली, इथेच संसार झाला, इथेच निवृत्त झाली आणि बोलणंही इथलंच झालं. रिक्षात तिने सगळं सांगितलं. ईस्टरच्या आधीचा उपासकाळ सुरू होता. चर्चच्या पाळकसाहेबांनी मंडळीला सांगितलं होतं, की नुसतं मटण सोडून मन बदलत नाही. एखादी वाईट सवय सोडा आणि तिच्या जागी चांगली लावून घ्या. जागा रिकामी राहिली तर जुनीच परत येऊन बसते. मावशीने ठरवलं, समोर नसलेल्या माणसाबद्दल बोलायचं नाही. अगदी ओठांवर आलंच तर गिळायचं आणि त्याच माणसासाठी मनात प्रार्थना करायची.

"पयला आठवडा लय कठीण गेला बाप्पा. पूर्ण गल्लीसाठी प्रार्थना झाली माही!"

मी इतकी हसले की रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं. मावशीचं हसू मात्र ओसरलं. अशीच नावं घेता घेता एका सकाळी तिच्या तोंडी रेखाचं नाव आलं होतं आणि मग ते जाईचना.

रेखा ही तिच्याच गल्लीतल्या पुष्पाबाईंची मुलगी. बऱ्याच वर्षांपूर्वी उन्हाळ्यात उपासनेच्या वेळी ती चर्चमध्ये चक्कर येऊन पडली होती. मावशीने तिला तपासलंही नव्हतं, तरी चार घरी बोलून गेली, 'पोरीला फिट येतात वाटतं.' नर्सच म्हणते म्हटल्यावर शंका कोण घेणार? रेखाचं ठरलेलं लग्न मोडलं. पुढे तिचं समुद्रपूरला लग्न झालं, तिथे तिने शिवणकामाचं दुकान टाकलं. पण लोकांच्या नजरा सोसेनात म्हणून पुष्पाबाईंनी चर्चला येणं सोडलं, ते आजतागायत.

"उद्या समुद्रपूरले जायचं हाय, माफी मागायले. एकटी गेली तर मी जामवरूनच वापस येईन. म्हून तुले बोलावलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही एसटीत बसलो. मला तर सहलीला निघाल्यासारखं वाटत होतं. दोन्ही बाजूंना वेचून संपलेल्या कापसाची शेतं, बांधावर रचलेल्या पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडं), आणि मध्येच एखादा पळस असा पेटलेला की बोलता बोलता थांबावं. इतक्यात मावशीच्या शेजारीण मंदाबाई पुढच्या थांब्यावर चढल्या आणि आमच्या समोरच बसल्या.

"सिस्टर, कोपऱ्यावरच्या घरचं आयकलं का?"

मावशीने मान खिडकीकडे फिरवली.

"अवो, त्याह्यच्या पोरानं..."

मावशीचे कान लाल झाले. तिने माझा हात घट्ट धरला. ओठ भराभर हलत होते. कोपऱ्यावरच्या घरासाठी प्रार्थना चालली होती! शेवटी मंदाबाई कंटाळल्या आणि उतरताना मला म्हणाल्या, "सिस्टरले डॉक्टरले दाखवा. बोलून नाई राह्यल्या."

जामला बस बदलायची होती. नागपूरच्या मोठ्या रस्त्यावरचं हे गाव. ट्रकची रांग, संत्र्यांचे ढीग, कढईचा वास. आम्ही तर्री-पोहे खाल्ले. तर्री म्हणजे पोह्यांवर ओततात तो हरभऱ्याचा लालभडक रस्सा. पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी. मी हात धुऊन वळले तर मावशी जागेवर नाही! समोर वर्ध्याला जाणारी बस उभी होती आणि मावशी तिच्यात खिडकीशी बसली होती, पदर डोक्यावरून ओढून.

मी आत चढले. "मावशी, उतर."

"मले नाई जमत गं. ती दारातूनच हाकलून देईन."

"हाकललं तर परत येऊ. पण उतर."

वाहक वैतागला. "काऊन (का) बसल्या मंग ताई? जायचं हाय का उतरायचं हाय?"

मावशी उतरली. पुढे समुद्रपूरपर्यंत तिने डोळे उघडले नाहीत.

बसस्थानकापासून जवळच रेखाचं दुकान. ती ब्लाउज शिवत होती. मावशीला पाहताच मशीन थांबलं. मावशी बसलीच नाही. उभ्याउभ्याच म्हणाली, "रेखा, तुले फिट येते, हे मी सांगत फिरली होती. मले काईच माहीत नोयतं. तुह्यं लगन माह्या तोंडानं मोडलं. मी पाप केलं. मले माफ कर."

रेखाने हातातलं कापड बाजूला ठेवलं.

"त्या दिवशी मी उपाशी होती, सिस्टर. एवढंच झालतं," ती म्हणाली. "अन् माफी मले काऊन मागता? मी इथं सुखात हावो. माही माय तिथं एकटी बसली हाय. ज्या ज्या घरी तुमी बोलल्या, त्या घरी जाऊन सांगा. मंग या."

मावशीचा चेहरा उतरला. रेखाची माफी मागणं एकवेळ सोपं होतं. गल्लीतल्या त्या चार दारांत उभं राहणं सोपं नव्हतं. तरी ती म्हणाली, "सांगतो माय. आजच सांगतो." (तिकडे बायकाही 'सांगतो' म्हणतात.)

आम्ही निघालो तशी रेखा म्हणाली, "उनाचं उपाशी नका जाऊ." तिने पातोडीचा रस्सा (बेसनाच्या वड्यांची भाजी) आणि भाकरी वाढली. जेवताना तिखटाने माझं नाक असं वाहू लागलं की आधी रेखाला हसू फुटलं, मग मावशीला.

परतल्यावर मावशीने चहासुद्धा घेतला नाही. पहिलं घर मंदाबाईंचं.

"मी खोटं बोलली होती," मावशी म्हणाली. "रेखाले कधीच फिट येत नोयती."

"एवढी जुनी गोष्ट आता काऊन उकरता सिस्टर?"

"मीच पुरली होती ना. मलेच काढा लागन."

एका घरी टोमणा ऐकावा लागला, दोन घरी त्यांना काही आठवतच नव्हतं. मावशीने तरी पूर्ण सांगितलं. सगळ्यात शेवटी पुष्पाबाईंचं दार. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. आत या म्हणाल्या नाहीत. मात्र आत जाऊन पाण्याचा पेला घेऊन आल्या आणि मावशीच्या हातात दिला.

रविवारी उपासनेत साक्ष द्यायची, म्हणजे आपला अनुभव सांगायची, वेळ आली तेव्हा मावशी उभी राहिली आणि तेच साऱ्या मंडळीसमोर बोलली. मी मागे वळून पाहिलं. पुष्पाबाई दारात चपला काढत होत्या! त्या शेवटच्या बाकावर बसल्या. गीत सुरू झालं आणि मागून एक जाडसर, खणखणीत आवाज उठला. म्हातारी माणसं एकमेकांकडे पाहू लागली. इतक्या वर्षांनी ऐकूनही तो आवाज त्यांनी ओळखला होता. मावशी तर गायची थांबून नुसती ऐकत होती.

परतीच्या गाडीत मला झोप येईना, इतका आनंद झाला होता. पश्चात्ताप म्हणजे गुडघे टेकून रडणं, असं मी आजवर समजत आले. मावशी रडली असेल तर मला ठाऊक नाही. मी तिला पाहिलं ते बसमधून उतरताना आणि एकामागून एक दारं वाजवताना. पुढच्या शनिवारी ती पुन्हा समुद्रपूरला जाणार आहे, पुष्पाबाईंना सोबत घेऊन. मला काही तिने बोलावलं नाही.