चारही टायर शाबूत

उत्तर सिक्कीमला माझी पोस्टिंग झाली तेव्हा मी हवालदार होतो. युनिटच्या एमटीत, म्हणजे मोटार ट्रान्सपोर्टमध्ये, गाड्या धडधाकट ठेवणं हे माझं काम. मी नागपूर सोडलं ते मे महिन्यात, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. आठवड्याभरात मी अशा जागी होतो जिथं भर दुपारी पान्हा उघड्या हाताने धरवत नव्हता.

एमटीत आपल्याकडचा दुसरा एकच माणूस होता. नायक गजानन भोयर, उमरेडजवळच्या एका गावचा. माझं गाव ऐकल्यावर त्याने हातातला चहाचा मग माझ्यापुढे केला आणि म्हणाला, "घ्या उस्ताद. दोन वर्सं झाले, मले मराठीत बोलाले कोनी भेटलं नाई."

लंगरमध्ये जेवताना तो अखंड बोलायचा. स्टिअरिंगवर बसला की तोंड बंद. गाडी काढण्याआधी तो हातमोजा उतरवून प्रत्येक टायरवरून तळहात फिरवायचा आणि नक्षीत अडकलेले खडे पेचकसाने उडवायचा. पोरं त्याला चिडवायची, की भोयर बैलाचे दात बघतो. तो चिडत नसे.

आमच्याकडे एक फोर-बाय-फोर पिकअप होती. वरच्या पोस्टवर भाजी, केरोसिन आणि टपाल न्यायचं, आणि कोणी आजारी पडला तर त्याला खाली आणायचं. मोठा ट्रक त्या वळणांवर फिरत नसे. खालच्या बॅरियरपर्यंत, म्हणजे तपासणी नाक्यापर्यंत, डांबर, त्यानंतर चिखल, त्याच्याही वर बर्फ. एकाच फेरीत तीन रस्ते.

पिकअपचे टायर घासले. डेपोकडून आले ते हायवेचे होते. सपाट रस्त्यावर उत्तम, आमच्या कामाचे नव्हते. आमच्या एमटीचे अधिकारी कॅप्टन मेनन यांनी वर लिहून लोकल पर्चेसची, म्हणजे बाजारातून घ्यायची, मंजुरी आणली आणि आम्हा दोघांना बोलावलं.

"सिलिगुडी जाओ. टायर तुम दोनों पसंद करो. रिम भी देख लेना. ऊपर मैं नहीं चलाता, भोयर चलाता है."

सिलिगुडीच्या दुकानदाराने आधी चकचकीत अलॉयची रुंद चाकं पुढे केली. मडगार्डच्या बाहेर येणारी. गजाननने त्यांच्याकडे बघून मान हलवली. "अलॉय दगडावर आपटला त चिरते. स्टीलचा रिम वाकते, तो हातोड्यानं सरका करून घरी येता येते. अन् चाक बाहेर आलं की सारा जोर बेअरिंगवर."

एवढं मलाही मान्य होतं. वाद झाला तो टायरवर. माझं मत रुंद आणि मोठ्या ठोकळ्यांच्या मड टायरला होतं. आमचा मधला पट्टा गुडघाभर चिखलाचा. रुंद टायर चिखलात रुतत नाही.

"नाई उस्ताद. अरुंदच घ्या."

"काहून गा?"

"चिखलात आपून फसलो त पोरं धक्का मारतीन. बर्फावर सरकलो त कोन धरीन? अरुंद टायर पातळ बर्फ कापून खालची जमीन धरते. मोठ्या ठोकळ्याचं रबर थंडीत लाकडावानी होते. अन् रुंद टायरवर बर्फाची चेन चढवाची कशी? मडगार्डले घासीन न ते."

मी एकेक टायर आडवा पाडून बघितला. तो म्हणत होता ते बरोबर होतं. आम्ही अरुंद, ऑल-टेरेन, ठोकळ्यांवर बारीक चिरा असलेले टायर घेतले. बाजूची भिंत जाड, वजन पेलायचा आकडा पिकअपला लागतो त्याहून वरचा. स्टीलचे रिम. स्टेपनीही त्याच मापाची, कारण फोर-बाय-फोरला एक चाक लहान-मोठं चालत नाही. चेन तिथंच चढवून, चाक हाताने फिरवून पाहिली. कुठे घासत नव्हती.

त्या टायरांनी हिवाळा काढला. पुढचा पावसाळा काढला. गाडी एकदाही घसरली नाही. शेजारच्या युनिटचे ड्रायव्हर येऊन टायरचं माप लिहून न्यायचे. गजानन त्यांना चेन कशी बांधायची तेही दाखवायचा.

ऑक्टोबरचा शेवट होता. खाली दोन दिवस पाऊस लागला होता आणि वर बर्फ पडत होता. सकाळी वरच्या पोस्टवरून मेसेज आला. शिपाई बिरेन दास, छातीत पाणी झालं आहे, श्वास घेता येत नाही. उंचीवर असं होतं. त्यावर औषध एकच, माणसाला लवकरात लवकर खाली आणणं. हेलिकॉप्टरला ढग मोकळे नव्हते. ॲम्ब्युलन्स बॅरियरच्या वर चढत नसे.

कॅप्टन मेनन यांनी विचारलं, "भोयर, जा सकोगे?"

"जाऊंगा, साहब."

त्याने हातमोजा काढला, पाचही टायर बघितले, स्टेपनीसुद्धा. चेन मागे टाकल्या. नर्सिंग असिस्टंट थापा ऑक्सिजनचे दोन सिलिंडर घेऊन शेजारी बसला, एक मोठा, एक हातात मावेल एवढा. मी ॲम्ब्युलन्स आणि रेडिओ सेट घेऊन खालच्या बॅरियरवर गेलो.

दुपारच्या आधी सेटवर गजाननचा आवाज आला.

"कंट्रोल, पिकअप. मरीज़ गाड़ी में है. नीचे आ रहे हैं. ओव्हर."

"पिकअप, रस्ता कसा आहे? ओव्हर."

"बर्फ हाय. चेन लावली. टायर मस्त धरून राहिले, उस्ताद. ओव्हर."

सेटवर मराठी बोलायची परवानगी नव्हती. दोघांनीही नियम मोडला. त्याचं मला आजही काही वाटत नाही.

थोड्या वेळाने परत: "कंट्रोल, बर्फ पार. चेन उतार दी. नाले वाले मोड़ पर रुक रहा हूँ. सड़क में दरार है. ओव्हर."

पुढचं मला थापाने सांगितलं. नाल्यावरच्या वळणावर रस्त्यात बोटभर रुंद भेग होती, दरीच्या बाजूला. गजानन उतरला. भेगेवरून चालत गेला, परत आला, टाच आपटून बघितली. मग त्याने बिरेनला गाडीतून उतरवायला लावलं. थापा आणि पोस्टवरून सोबत आलेले दोन जवान स्ट्रेचर उचलून डोंगराच्या कडेने पलीकडे गेले. छोटा सिलिंडर स्ट्रेचरवर ठेवला. मोठा पिकअपमध्ये पट्ट्याने बांधलेला होता. तो उचलायला चौथा माणूस लागला असता, आणि गाडी तर मागोमाग येणारच होती.

सगळे पलीकडे पोचल्यावर त्याने गाडी लो गिअरमध्ये घातली आणि डोंगराला आरसा घासेल इतकी आत घेतली. भेगेपासून पूर्ण लांब. निम्म्याहून जास्त वळण पार झालं. मग गाडीसकट अख्खा रस्ता गेला. नुसता भेगेपलीकडचा, दरीकडचा तुकडा नाही, भेगेअलीकडचाही, डोंगराच्या पायापर्यंत.

थापा मला म्हणाला, "फिसली नहीं, उस्ताद. चारों टायर पकड़े हुए थे. सड़क ही चली गई."

पोस्टच्या जवानांकडच्या सेटवरून थापाचा आवाज आला तेव्हा मी बॅरियरवरची सहा माणसं घेऊन वर धावलो. धावलो म्हणतो, पण त्या उंचीवर माणूस धावत नाही. अर्ध्या वाटेत स्ट्रेचर भेटलं. छोटा सिलिंडर रिकामा झाला होता. बिरेनचे ओठ निळे पडले होते. त्याने डोळे उघडून विचारलं, "गाड़ी आ गई?" मी म्हणालो, "आ गई." आम्ही त्याला आळीपाळीने खांद्यावर घेऊन उतरलो. ॲम्ब्युलन्सचं दार उघडलं, आत ठेवलं, मास्क लावला. मास्कवर वाफ धरली नाही. थापा बराच वेळ छाती दाबत राहिला. शेवटी बॅरियरवर येऊन थांबलेल्या कॅप्टन मेनन यांनी त्याचा हात धरला.

नाल्याचं पाणी उतरल्यावर पिकअप सापडली. गजानन सीटवरच होता, बेल्ट लावलेला. कोर्ट ऑफ इन्क्वायरीसाठी गाडीची तपासणी माझ्याकडे आली. टप सपाट झाला होता. एक रिम वाकला होता. चारही टायर शाबूत होते. हवा पूर्ण, नक्षी खोल, कुठे चीर नाही. ब्रेक ठीक, स्टिअरिंग ठीक. मी तसं सांगितलं. अधिकाऱ्यांनी विचारलं, "मग चूक कशाची?" मी तपासणीच्या रिपोर्टवर सही करून तो त्यांच्यापुढे ठेवला.

डिसेंबरात दुसरी पिकअप आली. कॅप्टन मेनन यांनी विचारलं, "टायर?"

मी म्हणालो, "वही, साहब."

दुसरं काय सांगणार? त्याहून चांगले टायर त्या रस्त्यासाठी नव्हते. मी एकटाच सिलिगुडीला गेलो आणि तेच माप घेऊन आलो.

निवृत्तीनंतर मी नागपुरात प्रताप नगरला राहतो. गजाननचे वडील नामदेवराव या वर्षी धंतोलीच्या एका दवाखान्यात भरती होते. घरच्यांना शेतीची कामं, म्हणून दुपारची पाळी मी घेतली होती. गजाननला गावी आणलं त्या दिवशीही मी त्यांच्या घरी होतो. तेव्हापासून त्यांनी मला त्या दिवसाबद्दल एक शब्द विचारला नव्हता. एका दुपारी सलाईन बदलून नर्स गेली आणि ते म्हणाले,

"ढोबळे, एक इचारू काय?"

"इचारा न, बाबाजी."

"गावात लोकं म्हंतेत, सरकारनं घासलेले टायर देल्ले होते."

"नाई. चांगले होते. गजाननानंच निवडले होते."

"मंग त्याच्या हातून डायवरी चुकली काय?"

"नाई बाबाजी. त्याच्या जागी मी असतो त मी बी तसीच चालवली असती."

"मंग काय झालं?"

"खालून पाणी लागलं होतं. वरून दिसत नोतं. रस्ताच गेला."

शेजारच्या खाटेवरचा पेशंट खोकत होता. मला वाटलं, बाबाजींना बरं वाटेल. मुलाची चूक नव्हती, गाडीची नव्हती, कोणी फसवलं नव्हतं.

"काहीतरी चुकलं असतं त बरं होतं गा," ते म्हणाले. "येवढे वर्सं मी त्या टायरवाल्याले रोज शिव्या देल्ल्या. झोपाच्या आंधी द्याचो, मंग झोप याची. आता कोनाले देऊ?"

मी त्यांचं पांघरूण पायावर नीट केलं आणि बाहेर जाऊन पायरीवर बसलो. मी खरं बोललो होतो. त्यांच्याजवळ एवढंच उरलं होतं, ते मी काढून घेतलं. नामदेवराव पुढच्या सोमवारी गेले.

युनिटने नाल्यावरच्या त्या वळणावर आठवणीचा एक दगड उभा केला होता. दुसऱ्या पावसाळ्यात वळण पुन्हा गेलं आणि दगड नाल्यात पडला. नवा केला, तोही राहिला नाही. आता तिसरा दगड खाली बॅरियरवर आहे, डांबर संपतं तिथं. वर जाणारा प्रत्येक ड्रायव्हर त्याच्यासमोर थांबतो, उतरतो, टायर बघतो आणि मग गिअर टाकतो. दगडावर तारखेखाली दोन ओळी आहेत.

नायक गजानन नामदेव भोयर.

शिपाई बिरेन दास.