फाटक्या कानाचा रोही

चैताचं ऊन. सकाळी आठालाच इतवारीतल्या स्टुडिओचे पत्रे तापू लागले होते. ऊन चढलं की निगेटिव्हवरचं वार्निश चिकट होई, म्हणून विश्वनाथ दिवस उगवताच टोकदार पेन्सिल घेऊन खिडकीशी बसे. वीस वर्षं त्याचं काम एकच: देवीचे व्रण बुजवायचे, सुरकुत्या घालवायच्या, उपवर पोरींचे गाल गुळगुळीत करायचे.

रविवार मात्र त्याचा. गिऱ्हाइकांच्या रोलमध्ये उरलेल्या एकदोन फ्रेमा आणि मालकाचा कॅमेरा घेऊन तो पहिल्या एस्टीनं उमरेडच्या पुढं उतरे नि रानात पायी भटके. तिथंच त्याला शेळ्या चारणारी मैनाबाई भेटली होती.

"तेरेलिनची पँट घालून रानात येते काय गा कोणी, बापू?" पहिल्याच दिवशी तिनं त्याची फिरकी घेतली, आणि पुढं सात वर्षं पाणवठे, पाऊलवाटा, सारं दाखवलं. माघात तिनंच तो म्हातारा रोही, नीलगाईचा नर, दाखवला. निळसर काळा, बैलाएवढा, डावा कान मधोमध चिरलेला. मागं गर्द झाडी, कानावर कोवळं ऊन. विश्वनाथनं शेवटची फ्रेम त्याच्यावर घातली.

काल, रविवारी, त्यानं तो फोटो तिच्या हातात दिला. तिनं तो डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला.

"हा कोणाचा होय?"

"तुमचाच रोही, माय."

"माहा नाही. माहा थो लहानसा होता तवा तारेत अटकला होता. म्या ओढून काढला, तवा कान फाटला. लुगडं रगतानं भरलं होतं माह्यं. होळीपासून दिसून नाही राहिला. म्हटलं, फोटोत तरी पाहीन. तं तू दुसराच घेऊन आला!"

विश्वनाथ खजील झाला. निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून कान त्यानंच सांधला होता. कधी, तेही आठवेना. हातच तसा वळलेला.

म्हणून आज त्यानं नवरीची निगेटिव्ह बाजूला सारून रोहीची घेतली. कापसाचा बोळा टर्पेंटाईनमध्ये भिजवला. घासताना ओरखडा पडला तर कानही जाणार, आणि रोही पुन्हा दिसेल याचा काय भरवसा? त्यानं श्वास धरून बोळा फिरवला. पेन्सिलीची काजळी हळूच सुटली. निगेटिव्ह उजेडात धरली, तर कानातली चीर जशीच्या तशी होती.

पुढच्या रविवारी मैनाबाईनं नव्या फोटोतल्या कानावरून अंगठा फिरवला.

"हा माहा." मग पदराची गाठ सोडून तिनं त्याच्या ओंजळीत मोहफुलं घातली. "लई उपकार झाले गा, बापू."

"माय, हे रान तुम्हीच दाखवलं मले. उपकार कायचे?"

"बरं, माहा फोटो काढशीन तं तोंडावरचे देवीचे खड्डे राहू देजो. नाहीतं बकऱ्या वळखनार नाहीत मले!"

तो हसला, पण डोळे भरून आले. उरलेली एकुलती एक फ्रेम त्यानं तिच्यावर घातली.

सोमवारी सकाळी शर्टाच्या खिशाला मोहाचा वास येत होता. विश्वनाथनं खिडकी उघडली, पेन्सिल काचकागदावर घासून टोक काढलं, नवरीची राहिलेली निगेटिव्ह चौकटीत बसवली आणि कपाळापासून सुरुवात केली.